धुरी सेक्रेटरींचे अध्यक्ष

जगातले कुठले राष्ट्राध्यक्ष खंबीर, कुठले लेचेपेचे आणि कुठले नुसते बोलघेवडे, यावर टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं भांडत असतात. त्यांतल्या एकानेही कुठल्या अध्यक्षाच्या हाताखाली सतरंज्या उचललेल्या नसतात, म्हणून त्यांचं ऐकून शहाणपण येत नाही, नुसतं डोकं उठतं. ज्याला खरंच काही ऐकायचं असेल त्याने दिंडोशीच्या वसाहतीतल्या बागेत संध्याकाळी सहदेव धुरींच्या बाकावर जाऊन बसावं. धुरी तीन अध्यक्षांचे सेक्रेटरी होते, आणि तिघांनाही त्यांनी आतून बाहेरून ओळखलं होतं.

आंबेरखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, असं त्या संस्थेचं नाव. आंबेरखोल हे मालवणच्या बाजूचं एवढंसं गाव. वरची वाडी आणि खालची वाडी, मध्ये एक ओहोळ. पण कोकणातल्या माणसाला मुंबईत नोकरी नंतर लागते, गावाचं मंडळ आधी लागतं. मंडळ आलं की अध्यक्ष आला, आणि अध्यक्ष आला की त्याच्यामागे धावायला सेक्रेटरी आलाच. धुरी टेलिफोन खात्यात लाईनमन होते. गोरेगाव, मालाड, बोरिवली इथली गल्ली न् गल्ली त्यांच्या पायाखालची, त्यामुळे हे काम आपसूकच त्यांच्या गळ्यात पडलं.

पहिले अध्यक्ष नाना. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, आणि मंडळही त्यांनी गिरणीतल्या खात्यासारखंच चालवलं. नाना सभेला येत, विषय सांगत, निर्णय सांगत, आणि मग "कोणाला काही बोलायचं आहे?" असं अशा काही आवाजात विचारत की ज्याला खोकला आलेला असे तोसुद्धा गिळून टाकी. एकदा मे महिन्यात एक जण नुसता पंखा वाढवायला उठला. नाना म्हणाले, "बस." तो बसला. सगळी सभा घामाघूम होऊन "मंजूर" म्हणाली.

नाना गेले आणि बोरिवलीचे नंदकिशोर परब अध्यक्ष झाले. बँकेतले साहेब, तोंडात साखर. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाणारा प्रत्येक जण हसत बाहेर पडायचा, कारण नंदकिशोर प्रत्येकाला "अगदी बरोबर आहे तुमचं" म्हणत. एका वर्षी काहींना संमेलन शनिवारी हवं होतं, काहींना रविवारी. नंदकिशोरांना दोघांचंही अगदी बरोबर वाटलं. अर्धे लोक शनिवारी आले, अर्धे रविवारी, आणि दोन्हीकडच्यांनी "यंदा गर्दी कमी" म्हणून नाक मुरडलं. स्वयंपाक मात्र धुरींना दोनदा करवून घ्यावा लागला.

तिसरा प्रीतम. पवईला कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वरच्या वाडीतला हुशार मुलगा. त्याने आल्या आल्या सांगितलं, यापुढे सगळं लोकशाहीने. तारखेला मतदान, हॉलला मतदान, जेवणातल्या भाजीलासुद्धा मतदान. भाजीत बटाटा भरघोस मतांनी जिंकला. संमेलनाच्या दिवशी त्याच मतदारांनी ताटाकडे बघून विचारलं, "काळ्या वाटाण्याचा सांबारा खय?"

इथवर धुरी हसत हसत सांगत. पुढचं सांगताना हसत नसत, कारण पुढे मंडळ फुटलं.

आंबेरखोलात संमेलनाला मानकऱ्यांना नारळ देतात. पहिला मान वरच्या वाडीचा, दुसरा खालच्या वाडीतल्या सावंतांचा, आणि मग बाकीचे. हा क्रम कोणी ठरवला ते देवालाच माहीत, पण तो मोडायचं देवाच्याही मनात आलं नसतं. प्रीतमच्या आलं. सगळे सारखे, म्हणून त्याने मानकऱ्यांची नावं आडनावांच्या बाराखडीप्रमाणे पुकारली. पहिला नारळ अणावकरांना गेला. अणावकर गावात सगळ्यांत शेवटी आलेले, पापभीरू गृहस्थ. तो नारळ हातात घेऊन कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. अंगावर वीज पडावी तसे ते उभे राहिले. आणि 'स'पर्यंत बाराखडी पोचेस्तोवर दशरथ सावंत खालच्या वाडीला घेऊन हॉलबाहेर पडला होता. त्या दिवसापासून खालच्या वाडीचं संमेलन वेगळं, वरच्या वाडीचं वेगळं. दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि निम्मे वडे उरलेले.

दशरथ हा धुरींचा शाळेतला दोस्त. एका पाटीवर दोघांनी लिहिलेलं. मालाडला कुरारमध्ये त्याचं सुतारकामाचं दुकान. मंडळ फुटलं तसं त्यांचं बोलणंही थांबलं. बाजारात कधी समोरासमोर आलेच तर दशरथ कांदे निरखायला लागे आणि धुरी टोमॅटो. याचं धुरींना फार वाईट वाटे. पण सेक्रेटरीने काय करावं? निर्णय अध्यक्षाचा. मी अध्यक्ष असतो तर दाखवलं असतं, असं ते बाकावर बसून म्हणत, आणि हे "मी असतो तर" वर्षागणिक वाढत चाललं होतं.

मग मंडळाचं पन्नासावं वर्ष आलं. प्रीतम कंटाळला होता. सभेत म्हणाला, "धुरीकाका, तुम्हीच व्हा आता. तुमच्याएवढं कोणाला माहिती आहे?" धुरींनी दोनदा नको नको म्हटलं, कारण एकदा म्हणणं बरं दिसत नाही, आणि तिसऱ्यांदा कोणी आग्रह केलाच नाही तर, या भीतीने लगेच हो म्हटलं. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा प्रीतमच सेक्रेटरी झाला. धुरींनी उभं राहून जाहीर केलं, "पन्नासावं संमेलन दोन्ही वाड्यांचं, एका छपराखाली. ते जमलं नाही तर मी या खुर्चीत पुन्हा बसणार नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला काही लागत नाही.

घरी आल्यावर त्यांनी ही बातमी रुक्मिणीबाईंना सांगितली. त्या कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बरा झाला. तुमी अध्यक्ष झालात," त्या म्हणाल्या. "पण आता सहदेव कोण होतलो?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय नाय. हात धुवून येवा, सोलूक मदत करा."

धुरींना ते बोलणं बायकी वाटलं. त्यांच्या डोक्यात तीन अध्यक्ष तयार होते, आणि प्रत्येकातला उत्तम भाग तेवढा उचलायचा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सुरुवात नानांपासून. एका सकाळी त्यांनी दशरथला फोन लावला, छाती पुढे काढली आणि घशाच्या तळातून आवाज काढला, "दशरथ. संमेलन एकत्र होणार. सगळ्यांना घेऊन यायचं. बस्स."

पलीकडे चाललेला रंधा थांबला. मग दशरथ म्हणाला, "कोण ता? सहदेव? घसो बसलो काय रे तुझो? हळद-दूध घी." आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे असं झालं.

नानांचा आवाज नानांच्याच गळ्यात शोभत होता. धुरींनी मग नंदकिशोरांचा मार्ग धरला. दशरथ दाद देत नाही तर त्याच्या भोवतालच्यांना गोड बोलून वळवू. खालच्या वाडीतल्या एका घरी ते सहज म्हणून गेले. घरचे काका म्हणाले, दशरथ काय करणार आहे, खरा मान सावंतांच्या थोरल्या पातीचा, थोरल्या भावाच्या वंशाचा, म्हणजे आमचा. धुरी हसून म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या घरी धाकट्या पातीने तेच सांगितलं. तेही अगदी बरोबर होतं. तिसऱ्या घरी प्रेमाकाकींनी घावणे वाढले आणि आपल्या सासऱ्यांनी गावच्या देवळाची पायरी बांधली होती याची आठवण करून दिली, म्हणजे मान त्यांचाच. घावणे इतके जाळीदार झाले होते की धुरींना त्यांचंही पटलं. घरी येताना ते स्वतःवरच खूश होते. दुसऱ्या मानाचा नारळ आपण तीन घरांना कबूल करून आलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते जिना चढत होते, आणि मधल्या पायरीवरच बसले.

उरला प्रीतमचा मार्ग. सेक्रेटरीच्या मदतीने त्यांनी दोन्ही वाड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि मतदान टाकलं: एकत्र यायचं का? हो, नाही, बघू. दिवसभरात सगळ्यांनी पाहिलं. बहुतेकांनी मत दिलंच नाही. ज्यांनी दिलं त्यांनी "बघू"ला दिलं. चार जणांनी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवलं, आणि नंदकिशोर परबांनी "हो" आणि "नाही" या दोन्हींवर बोट ठेवलं. मग थोरल्या पातीने त्याच ग्रुपवर आम्हाला मान मिळाल्याबद्दल अध्यक्षांचे जाहीर आभार मानले. धाकट्या पातीने विचारलं, कसले आभार? प्रेमाकाकींनी सासऱ्यांचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत खालच्या वाडीचेसुद्धा तीन तुकडे झाले होते.

दोन वाड्यांचं एक गाव करायला निघालेल्या माणसाने दोनाच्या चार वाड्या केल्या होत्या. हे तिघांपैकी कुठल्याही अध्यक्षाला जमलं नव्हतं. धुरी त्या संध्याकाळी बागेत गेले नाहीत. बाकावरची मंडळी अध्यक्षांची तुलना करायला लागली, तर आता त्यात चौथा येणार होता, आणि तो कितवा येईल याबद्दल त्यांना शंका नव्हती.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात दशरथ. कपाळावर आठ्या, हातात पिशवी.

"आत येवा भावजी," रुक्मिणीबाई म्हणाल्या, जशी काही तो कालच येऊन गेला होता. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

दशरथ बसला नाही. "सहदेवा, तू माझी वाडी फोडलंस," तो म्हणाला. "प्रीतमान नुसतो क्रम बदललो. तू तीन घरांका झुंजवलंस. तुका अध्यक्ष व्हवची दुर्बुद्धी कोणी दिली?"

धुरींकडे नानांचा आवाज नव्हता, नंदकिशोरांचं हसू नव्हतं, आणि घरात तिघंच असल्यामुळे मतदानालाही अर्थ नव्हता. ते खुर्चीत खचून बसले आणि म्हणाले, "माका जमना नाय रे, दशरथा. मी सगळ्यांच्या चुका बघलंय. वाटला, आपल्याक सगळा कळता. काय्येक कळत नाय. तूच सांग आता, मी काय करू? दुसरो नारळ पयल्यासारखो तुकाच दितंय. आणि काय करू?"

दशरथने पिशवी खाली ठेवली. तोही बसला.

"नारळ, नारळ, नारळ," तो म्हणाला. "घराकडे माझ्या माडार लागलेले आसत नारळ. नारळासाठी कोण भांडता?"

"मग निघून कित्याक गेलंस?"

"त्या वर्षी तू इलंस नाय."

धुरींना कळेना. "मी होतंय की. हॉलमध्येच होतंय, पाण्याच्या टाकीकडे."

"हॉलात नाय. घराकडे." दशरथ जमिनीकडे बघत होता. "दरवर्षी संमेलनाआधी तू आवतण घेवन येस. पान-सुपारी हातार ठेवस, अर्धो तास बसस, चाय घेस, माझ्या आवशीच्या पाया पडस. नाना अध्यक्ष होते तेव्हाय येस आणि नंदकिशोर होते तेव्हाय येस. त्या वर्षी मोबाईलवर चित्र इला. म्हातारी दोन रविवार विचारी, सहदेव कसो नाय इलो? काय सांगू तिका? चित्राक चाय पाजूची काय? मगे हॉलात गेलंय, थय नावा बाराखडीन. माका वाटला, आता आपण कोणाचे कोण नाय. ह्येंच्या यादीतले झालंव."

चहा उतू गेला तो कोणी पाहिला नाही. धुरींना ते वर्ष आठवलं. प्रीतम म्हणाला होता, काका, तुम्ही आता उगाच फिरू नका, मी सगळ्यांना एका मिनिटात पाठवतो. गुडघे दुखत होते, त्यांना बरंच वाटलं होतं. आवतण हे हरकाम्याचं काम, असं ते आयुष्यभर धरून चालले होते. नाना गर्जत, नंदकिशोर गोड हसत, म्हणून लोक येतात असं त्यांना वाटायचं. लोक त्यांच्यासाठी येत होते, हे बाकावर बसून इतकी वर्षं अध्यक्ष तोलणाऱ्या माणसाला कधी सुचलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"आवशीक बरा आसा मां?" त्यांनी दशरथच्या आईची चौकशी केली.

"आसा. अजून तुका शिव्या घालता."

रुक्मिणीबाईंनी दुसरा चहा टाकला. कोळंबी सोलताना आपण काय म्हणालो होतो, याची त्यांनी नवऱ्याला आठवण करून दिली नाही. चांगल्या बायका असं काही लगेच करत नाहीत, योग्य वेळेसाठी राखून ठेवतात.

दुसऱ्या दिवसापासून मंडळाच्या अध्यक्षांनी पिशवीत पानं, सुपारी आणि नारळाच्या वड्यांचा डबा घेतला आणि ते घरोघर निघाले. पहिलं घर दशरथचं. म्हातारीने आधी मनसोक्त शिव्या घातल्या, मग गालावरून हात फिरवला, मग पुन्हा थोड्या शिव्या घातल्या. मान कबूल केलेल्या त्या तीन घरी जाऊन धुरींनी सरळ सांगितलं, मी गोड बोललो ते खोटं, दुसरा मान दशरथचाच, रागवायचं तर माझ्यावर रागवा. लोक रागावले. पण दारात आलेल्या माणसावर रागावणं अवघड असतं, त्याला आधी पाणी द्यावं लागतं. पाणी दिलं की चहा आला, चहा झाला की गावच्या गोष्टी आल्या, आणि पान उचललं की यायचं कबूल झालं. प्रेमाकाकींनी पुन्हा घावणे केले. या खेपेला धुरी फक्त "घावणे उत्तम झालेत" एवढंच बोलले, बाकी कशाला होकार दिला नाही.

सेक्रेटरी म्हणून प्रीतमला त्यांनी बरोबर घेतलं होतं. पहिल्या दोन घरी तो अवघडून मोबाईल चाळत बसला. तिसऱ्या घरी त्याच्या आजोबांना ओळखणारा एक म्हातारा निघाला, आणि त्याने आजोबांनी लहानपणी ओहोळात म्हशीला कसं बुडताना वाचवलं, आणि मग म्हशीने त्यांनाच कसं ओढत नेलं, ते सांगितलं. प्रीतमने हे कधी ऐकलं नव्हतं. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "काका, हे एका मिनिटात पाठवता नसतं आलं." धुरी म्हणाले, "नाही ना रे." मग दोघंही हसत सुटले. रिक्षावाल्याने आरशातून बघून घेतलं.

जानेवारीतल्या एका रविवारी गोरेगावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये पन्नासावं संमेलन भरलं. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. वरची वाडी आली, खालची वाडी आली, माहेरवाशिणी आल्या, नातवंडं आली. खुर्च्या पुरेनात, तेव्हा शाळेचे बाक काढले. दशरथची आई पहिल्या रांगेत, पायांवर शाल घेऊन. तिच्याशेजारी नंदकिशोर परब, ती म्हणेल त्याला "अगदी बरोबर" म्हणत.

मंचावर नानांच्या फोटोला हार घातला होता आणि मधोमध अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची मांडली होती. प्रीतमने माईक घेतला. "मानाचे नारळ देण्यासाठी माननीय अध्यक्षांनी मंचावर यावं." खुर्ची रिकामी. त्याने पुन्हा विनंती केली. खुर्ची रिकामीच. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज जरा उतरला, आणि सभेत कुजबुज सुरू झाली. इतकं सगळं जमवून आणून ऐन वेळी म्हातारा गेला कुठे?

दशरथ उठला आणि त्याने मागे वळून बघितलं. धुरी दारात होते. एका हातात पानाचं तबक, दुसऱ्या हाताने कोणा आजींना पायरी चढवत. त्यांच्यामागे आणखी एक कुटुंब चपला काढत होतं, आणि धुरी त्यांच्यातल्या सुनेला नावाने हाक मारून विचारत होते, बाळ कितवीत गेलं? माईकवर आपल्याला बोलावतायत हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

दशरथ मंचावर चढला. लोकांना वाटलं, झालं, आता हा काहीतरी बोलणार आणि पुन्हा फाटणार. त्याने प्रीतमकडून माईक घेतला, पण बोलला काहीच नाही. माईक खाली ठेवला, अध्यक्षांची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, सुताराच्या सवयीने एकदा तिचे पाय हलवून बघितले, आणि ती डोक्यावर घेऊन भर सभेतून चालत निघाला. माणसं पाय आवरून वाट देऊ लागली. दाराशी पोचल्यावर त्याने ती उंबऱ्याच्या आत टेकवली.

"ह्यो आमचो अध्यक्ष," तो माईकशिवाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तेका थय वर कित्याक बोलवतास? तेची जागा हय आसा. नारळ हयसरच आणा."

हॉलमध्ये एवढा हशा आणि एवढ्या टाळ्या झाल्या की मागच्या बाकावरची झोपलेली नातवंडं जागी झाली. पहिला मान दारात दिला गेला, दुसराही दारात. अणावकरांचा नंबर शेवटी आला, आणि नारळ कुठे ठेवायचा ते या खेपेला त्यांना बरोबर कळलं. दशरथच्या हातात नारळ धुरींनी स्वतः ठेवला होता.

"बस रे आता," दशरथ खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला. धुरी बसायला वाकले, पण तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली, आणि आणखी कोण आलं ते बघायला ते पायऱ्या उतरून गेले.